माझ्या लॅपटॉपवरचा समुद्र

मालवणात घरी बसून मी होडीचा एक लहानसा गेम करतो आहे. माझ्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधलाच ग्राफिक्सचा भाग ८ जीबी रॅममधून आपला वाटा उचलतो, त्यामुळे प्रत्येक चित्राचा हिशेब ठेवावा लागतो. २०४८ × २०४८ पिक्सेलचे एक टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवायचे चित्र) कॉम्प्रेस न करता ठेवले, तर १६ एमबी जागा अडवते, आणि नुसत्या माडांसाठी मी अशी सहा वापरली होती. आता सगळे माड एकाच टेक्श्चरमध्ये बसवले आहेत.

खरी अडचण पाण्याची होती. लाटांचे पाच पारदर्शक थर एकावर एक असल्यामुळे तोच पिक्सेल पाच वेळा रंगवला जाई, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात. थर दोनवर आणले, गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला, ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीवर चालणारा ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडला आणि १९२० × १०८० ऐवजी १२८० × ७२० वर चित्र काढले. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले.

मे महिन्यातल्या दुपारी मात्र लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो. म्हणून मोजमाप मी पहाटे आणि दुपारी असे दोनदा घेतो, आणि दुपारचाच आकडा धरतो.