काट्यावर अडलेला पत्ता

कापसाच्या हंगामात जिनिंगमधून म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून सकाळी सकाळी फोन आला की समजायचं, काटा अडला. त्या दिवशी पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगचा काटेवाला बोलत होता. "भाऊ, काटापट्टी निघूनच नाही रायली. फाटकापासून थेट रोडपर्यंत गाड्या लागल्या. लोकं मले शिव्या देऊन रायले."

मी यवतमाळला बसतो आणि आसपासच्या जिनिंगांचं नेटवर्क सांभाळतो. तिथला भुईकाटा वजन मुख्य सर्व्हरला पाठवतो, तिकडून नंबर आला की मगच पट्टी छापते. सर्व्हर मात्र यादीतल्या इंटरनेट पत्त्यांनाच आत घेतो. आदल्या संध्याकाळी इंटरनेटची लाइन बदलली होती आणि नवा पत्ता आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीचा मिळाला होता. नेट चालू, पिंग चालू, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही जात होते. काट्याला तेवढं 'परवानगी नाही'. ग्रेडरनं ओलावा मोजून पास केलेल्या गाड्यासुद्धा जागच्या हलत नव्हत्या.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. त्याचं उत्तर ठरलेलं. "तुमच्याकडून पत्ता चुकीचा आला असेल." असेलही, म्हणून मी काटेवाल्याला लाइनवाल्यांचा कागद वाचायला सांगितला.

जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४चा पत्ता चार आकड्यांचा, फोनवर एका दमात सांगून होतो. पण तो ३२ बिटांचा, त्यातून ४२९ कोटींच्या आसपासच पत्ते निघतात, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. नवा पत्ता १२८ बिटांचा. चार-चार अंकांचे आठ गट, मधे कोलन, आणि अंक नवावर न थांबता पुढे ए ते एफ. हा फोनवर वाचून घेणं म्हणजे डोक्याला ताप.

त्यात कागदावर सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, आणि कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. पाचवा गट त्यानं वाचला, "शून्य शून्य ऐंशी." मला खटकलं. फोटो मागवून मोठा करून पाहिला, तर ते ऐंशी नव्हतंच. बी आणि डी होते. अशा छपाईत बीचा आठ होतो आणि डीचा शून्य.

"अरे, बीडी आहे ते."

"बिडी ओढाले टाइम कुठं हाये भाऊ इथं!"

खरा पत्ता इथे देत नाही. सुरुवातीचे दोन गट उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतले घेतो. कागदावर होतं :

२००१:०डीबी८:००००:००००:००बीडी:००००:००००:०००५

मुख्य कार्यालयानं यादीत भरलं होतं :

२००१:डीबी८:०:०:बीडी::५

आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींमध्ये नाकारलेला पत्ता दिसत होता :

२००१:डीबी८::बीडी:०:०:५

तिन्ही एकच. गटातली डावीकडची शून्यं गाळता येतात, उजवीकडची नाही. पूर्ण शून्याचे गट सलग आले तर त्यांच्या जागी दोन कोलन चालतात, पण पत्त्यात एकदाच. दोनदा लिहिलं तर कुठे किती शून्यं होती हे कळणारच नाही. आमच्या पत्त्यात अशा दोन जागा, दोन्हीकडे दोन-दोन गट. कुठली आखडायची? आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज; त्यांतल्या २००६च्या आरएफसी ४२९१ नुसार कुठलीही. हा घोळ निस्तरायला ऑगस्ट २०१० मध्ये कावामुरा आणि कावाशिमा यांचा आरएफसी ५९५२ आला. लहान अक्षरं वापरा, डावीकडची शून्यं गाळा, सर्वांत लांब शून्यांची रांग आखडा, आणि रांगा सारख्याच असतील तर पहिली. लॉगमधला पत्ता या नियमानं लिहिलेला होता, यादीतला नव्हता. स्प्रेडशीटमध्ये शोधताना पत्ता न सापडणं, मोठा बी आठसारखा आणि मोठा डी शून्यासारखा दिसणं, हे सगळं त्या दस्तऐवजात आहे. आमच्याच काट्यावर बसून लिहिलाय की काय असं वाटावं!

सॉफ्टवेअर पत्ते अक्षराला अक्षर लावून ताडून पाहत होतं, दुखणं एवढंच. मी यादीत लॉगमधलं रूप भरायला लावलं. दोन मिनिटांत फोनवर प्रिंटरची करकर ऐकू आली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "घे रे, चढव बंडी!"

गाड्या हलल्या, पण भांडण राहिलं. सॉफ्टवेअरवाल्याचं म्हणणं, यापुढे सगळ्यांनी लॉगसारखाच पत्ता भरावा. मला हे पटत नाही. माणूस कागदावर पाहून भरणार, आणि तो जे भरेल ते नियमात बसत असेल तर ओळखणं यंत्राचं काम. दोन्ही पत्ते १२८ बिटांच्या संख्येत बदलायचे आणि संख्या ताडायच्या. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत यासाठी तयार मॉड्यूल आहे, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर पत्त्यांसाठी वेगळा डेटा प्रकारच आहे. हे मी ईमेलवर तिन्ही रूपांसकट लिहून पाठवलं.

दुरुस्ती हंगाम सरता सरता आली. देखभालीच्या बिलात तिच्यापुढे 'नवीन सुविधा' असं लिहून वेगळी रक्कम लावली होती. ती ओळ मी लाल शाईनं खोडून बिल परत पाठवलं.