गुलमर्गचा बदलता बर्फ: फेब्रुवारीतील स्की-सरावाची नोंद

दाबून सपाट केलेल्या उतारावर जमू लागलेली समांतर वळणे (दोन्ही स्की एकमेकींना समांतर ठेवून घेतलेली) मोकळ्या, नैसर्गिक बर्फावर कितपत टिकतात हे तपासणे, हा या वेळच्या गुलमर्ग मुक्कामाचा माझा मुख्य हेतू होता. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मिरी हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस संपून चिल्लई खुर्द हा त्यानंतरचा थोड्या कमी थंडीचा काळ लागला होता आणि पश्चिमी झंझावाताने पीर पंजाल पर्वतरांगेवर नुकतीच भरपूर हिमवृष्टी केली होती, त्यामुळे ताज्या बर्फापासून त्याच्या पुढच्या सगळ्या अवस्था एकाच मुक्कामात पायाखालून गेल्या.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, तर दुसरा अफरवत शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. दर हजार मीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे वर आणि खाली सुमारे आठ अंशांचा फरक पडतो. वर कोरडी पावडर (भुसभुशीत ताजा बर्फ) असताना खाली सूचिपर्णी झाडांमधला बर्फ ओलसर आणि जड का लागतो, याचे मोठे कारण हेच आहे.

वरचे उतार स्की-उतारांची सुरक्षितता पाहणाऱ्या गस्ती पथकाने खुले केल्यावरच आम्ही तिकडे गेलो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि स्कीसाठी मोहात पाडणारे उतारही नेमके तेच असतात, त्यामुळे या बाबतीत घाई मला मुळीच मान्य नाही.

पावडरमध्ये बाहेरच्या पायावर सगळा भार दिला की ती स्की खोल जाते आणि दुसरी वर तरंगत राहते. दोन्ही पाय जवळ ठेवून भार सारखा वाटायचा आणि वळण सावकाश पूर्ण होऊ द्यायचे, हे मला यंदा प्रथमच सलग साधले, आणि त्याचा आनंद फार मोठा आहे.

पुढे वारा सुटला आणि धारेजवळचा बर्फ पार बदलला. वाऱ्याने आणून दाबलेला थर वरून गुळगुळीत व किंचित निस्तेज दिसतो. काठी रोवली की आधी ती अडते, मग पापुद्रा फुटून एकदम आत जाते. काठीला लागणारा हा फरक मी आता दर थांब्यावर तपासतो, कारण कठीण थराखाली पोकळ, मऊ बर्फ असणे हे धोक्याचे लक्षण आहे. अशा ठिकाणी आम्ही मोकळा उतार सोडून दाबलेल्या वाटेने उतरलो.

नंतर आकाश निवळले. दिवसा उन्हाने वितळलेला पृष्ठभाग रात्री गोठून सकाळी काचेसारखा टणक होई आणि त्यावर स्कीच्या कडा करकरत घसरत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर दहा-अकराच्या सुमारास वरचा थोडासा थर सैल होऊन दाणेदार बर्फ मिळे, मात्र दुपारी त्याचाच चिखल होई. सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारांवर कोरडा बर्फ अजून शिल्लक होता. म्हणून सकाळी सावलीचे उतार आणि ऊन चढल्यावर दक्षिणेकडचे, असा क्रम आम्ही ठरवला. वळणे दोन्ही ठिकाणी जमली, टणक बर्फावर मात्र डावीकडचे वळण अजून कच्चे आहे. तिथे कड उशिरा धरली जाते. पुढचा सराव त्यावरच, कोंगदोरीजवळच्या सौम्य उतारावर, पहाटेचा बर्फ टणक असताना करायचा आहे.