त्रेचाळिसाव्या स्लाइडवरून पुन्हा पहिल्या स्लाइडवर

जुना सुरक्षा-प्रशिक्षणाचा कोर्स मोबाईलवर चालेल असा करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मूळ कोर्स फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या जुन्या तंत्रातला, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधारच संपला, त्यामुळे तो नव्याने बांधणं भाग होतं. टाइप करण्याचे कष्ट सोडले तर बांधणीला फारसा त्रास झाला नाही. नेहमीचं, स्लाइडवर आधारलेलं ऑथरिंग टूल (कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) घेतलं, सत्तरेक स्लाइड, ड्रॅग अँड ड्रॉपचे सराव, शेवटी चाचणी. एचटीएमएल५ मध्ये पब्लिश केलं, स्कॉर्म १.२ चं झिप एलएमएसवर चढवलं. (एलएमएस म्हणजे शिकणाऱ्यांना कोर्स दाखवून त्यांची प्रगती नोंदवणारी प्रणाली, आणि स्कॉर्म म्हणजे कोर्सने तिच्याशी कसं बोलायचं याचं ठरलेलं मानक.) मी स्वतः संगणकावर एका बैठकीत पूर्ण करून पाहिलं. ‘पूर्ण’ असा शेरा आला आणि मी निर्धास्त झालो.

मग तक्रारी सुरू झाल्या. त्रेचाळीस स्लाइड झाल्या, फोन बाजूला ठेवला, दुसऱ्या दिवशी उघडला तर पुन्हा पहिली स्लाइड! काहींची चाचणी देऊन झाली होती, तरी नोंदीत ‘अपूर्ण’च. एलएमएसच्या मदतकेंद्राला कळवलं. उत्तर आलं, ब्राउझरची कॅशे साफ करा. ती केली. मग, दुसरा ब्राउझर वापरा. तोही वापरला. तिसऱ्यांदा कळलं की ‘आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे’. दोन आठवडे हेच चाललं. दरवेळी नवा माणूस, आणि दरवेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. माझाच कोर्स झाला होता म्हणा ना, रोज पहिल्या स्लाइडवर.

शेवटी मीच खोदायला बसलो. स्कॉर्म क्लाउड या स्कॉर्म कोर्स तपासायच्या ऑनलाइन सेवेवर तेच झिप चढवलं. तिथे कोर्स आणि एलएमएस यांच्यात काय बोलणं चालतं त्याची ओळ न् ओळ लॉगमध्ये दिसते. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही मदतकेंद्राला पहिला मेल पाठवण्याआधी करा.) शिकणारा कुठे थांबला, कशाला काय उत्तर दिलं, हे सगळं कोर्स ‘सस्पेंड डेटा’ नावाच्या एका रकान्यात लिहून ठेवतो. स्कॉर्म १.२ हे २००१ चं मानक, आणि त्यात या रकान्याला मर्यादा आहे ४०९६ अक्षरांची. माझे ड्रॅग अँड ड्रॉप तो रकाना निम्म्या वाटेतच भरून टाकत होते. त्यापुढची नोंद आमचं एलएमएस निमूटपणे नाकारत होतं. एक अवाक्षर नाही, की काही चुकल्याची सूचना नाही.

मी एका बैठकीत तपासलं म्हणून मला हे दिसलंच नाही. फोनवर शिकणारा मात्र तुकड्यातुकड्यांनीच शिकतो, दोन कामांच्या मधल्या दहा मिनिटांत. त्याला ‘जिथे थांबलो तिथून पुढे’ याचीच सगळ्यात जास्त गरज, आणि नेमकी तीच सोय ४०९६ अक्षरांत कोंबलेली. ‘ही टूल्स आता कालबाह्य झाली’ असं कुणी म्हणालं की म्हणूनच मला पटत नाही. टूल बरं आहे हो, यंत्र कसं चालवायचं याचा सराव बनवायला मला अजून तेच लागतं. अडलं ते हिशेबाच्या वहीपाशी, म्हणजे त्या रकान्यापाशी.

स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मर्यादा ६४००० आहे. पण तुमचं एलएमएस ती आवृत्ती खरोखर घेतं का, ते छोटं पॅकेज चढवून बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. आमचं घेत नव्हतं. मग प्रत्येकाला स्वतःचा रकाना मिळावा म्हणून मी कोर्सचे चार तुकडे केले आणि नुसता मजकूर असलेल्या स्लाइड काढून त्यांची खाली सरकवत वाचायची पानं केली. फोनवर आडव्या स्लाइडची अक्षरं तशीही मुंगीएवढी दिसत होती.

‘अपूर्ण’चं कारण वेगळंच निघालं. पूर्णत्वाची नोंद कोर्स बंद होताना जात होती, आणि फोनवर माणूस कोर्स बंद करत नाही, थेट दुसऱ्या ॲपमध्ये जातो. मागे राहिलेली टॅब ब्राउझर केव्हा मारेल त्याचा नेम नाही. शेवटच्या स्लाइडवर ‘नोंदवा’ असं बटण दिलं आणि ते दाबताक्षणी नोंद पाठवली. त्या दिवसापासून एकही तक्रार नाही, आणि हो, याचा मला अभिमान आहे.

एक राहिलंच. मूळ प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा. पब्लिश केलेल्या झिपमधून ती परत मिळत नाही. फ्लॅशच्या कोर्सची कुणीच ठेवली नव्हती, म्हणून तर सत्तर स्लाइड हाताने टाइप कराव्या लागल्या.