पोलंडचे मशरूम, आपली ओळमी आणि ६६२ चा पीक: पावसाळ्यातला अपडेट

मंडळी, अपडेट द्यायचा बरेच दिवस राहिला होता, तर आधी मुख्य बातमी. शिशाचा किल्ला (बाहेरचे किरण अडवणारा डबा) तयार झालाय, आणि त्यात ठेवलेल्या पोलंडच्या सुक्या मशरूममध्ये किरणोत्सारी सिझियम-१३७ चा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, स्वच्छ दिसला, बरोब्बर ६६२ केईव्हीवर (केईव्ही हे गॅमा किरणांच्या ऊर्जेचं माप, पुढचे पीकचे आकडेही त्यातच). चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली आणि तिथून उडालेला माल इतक्या वर्षांनी फोंड्यात माझ्या टेबलावर मोजता येतो, ह्याचं मला अजूनही अप्रूप वाटतंय.

सेटअप तोच, एक घन सेंटीमीटर सिझियम आयोडाइड क्रिस्टलवाला रेडियाकोड (किरणांची ऊर्जा मोजणारं खिशातलं यंत्र), नवीन आहे ते भोवतीचं शिसं. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला लावायचं शिसं किलोवर मिळतं, ते दोन स्टीलच्या डब्यांच्या मधल्या जागेत ठासून भरलं आणि आत तांब्याचा पत्रा लावला, कारण शिसं स्वतः ७५ केईव्हीच्या आसपास एक्सरे देतं आणि खालचा भाग घाण करून टाकतं. गोव्यात हे सगळं लागतंच, आपली घरं चिऱ्याची, चिऱ्यात थोरियम असतं, वर ओट्याचा ग्रॅनाइट, म्हणजे उघड्यावर मोजायला बसलं तर आपण घरच मोजतो. किल्ल्यात ६०० ते ७०० च्या पट्ट्यातला गोंगाट निम्म्याहून खाली आला, तेव्हा कुठे बारीक पीक डोकं वर काढायला लागले.

कॅलिब्रेशनसाठी जुन्या गॅसबत्तीचं मेंटल आहे, थोरियमवालं, दोन पिशव्यांत सीलबंद (त्याची धूळ फार वाईट, उघडं हाताळू नका), त्याचे २३९ आणि ५८३ चे पीक मिळतात. वरच्या टोकाला म्युरिएट ऑफ पोटॅश, माड-पोफळीला घालतो तेच लाल खत. नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला साधारण ३१ विघटनं होतात, खतात निम्मं पोटॅशियम, म्हणजे पोटॅशियमचा १४६१ चा पीकही मिळतो आणि बेकेरेलचा (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकेरेल) हिशेबही. मशरूमच्याच बरणीत, त्याच उंचीपर्यंत खत भरून मोजलं आणि ६६२ ला क्रिस्टल जास्त पकडतो तो गुणक धरला, तर मशरूम किलोला दोनशे बेकेरेलच्या आसपास येतात, चूकभूल बरीच मोठी धरा. युरोपात आयात मशरूमला ६०० ची मर्यादा आहे, जपानने एप्रिल २०१२ पासून साध्या अन्नाला १०० ठेवलीय. आईने विचारलं, "अरे मग हे खायचं की नाही?" मी म्हटलं आई खा खुशाल, पण माझं मोजून होऊ दे आधी. आपल्याकडे हा प्रश्न नवा नाहीच, चेर्नोबिलनंतर मुंबईत आलेल्या आयर्लंडच्या बटरवरून केस थेट सुप्रीम कोर्टात गेली होती, १९८८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीच्या अहवालावरून ते खायला चालेल असं ठरलं.

आता मला सगळ्यात जास्त ज्यात रस आहे ते. सिझियम आहे हे कळलं, पण कुठल्या रूपात? फुकुशिमाच्या बाबतीत २०१३ मध्ये मोठा शोध लागला, १४-१५ मार्च २०११ च्या रात्री त्सुकुबाला हवेच्या फिल्टरवर अडकलेल्या धुळीत काचेचे गोल कण सापडले, दोनेक मायक्रोमीटरचे, पाण्यात न विरघळणारे, आत सिझियम कोंबलेलं. आणि त्याच काळात मिनामिसोमात लोकांना रस्त्याच्या कडेला काळा चुरा मिळत होता, पाणी साचून सुकतं तिथे, त्यात शेवाळासारखे जीवाणू आणि माती, किलोला लाखो बेकेरेल. असे काळे डाग साध्या रहिवाशांनी काउंटर घेऊन गल्लीबोळ पालथे घालत शोधले, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

कण आहे की भिनलेलं आहे हे आपल्यालाही घरी तपासता येतं, नमुना अर्धा करत जायचं. दोन्ही अर्ध्यांत सारखं आलं तर सगळीकडे पसरलेलं आहे, एकात सगळं आणि दुसऱ्यात काहीच नाही तर कण, मग तोच अर्धा पुन्हा अर्धा करायचा. आधी सराव म्हणून अंगणातल्या लाल मातीत मेंटलचा एक बारीक धागा टाकला (पिशवीच्या आत, मास्क, हातमोजे, माती ओली करून) आणि विभागत गेलो. थोरियम दर वेळी एकाच बाजूला राहिलं, शेवटी चमचाभर मातीत तो धागा डोळ्यांनी दिसला. मग मशरूमची भुकटी विभागली तर दर वेळी दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणजे ही वरून बसलेली धूळ नव्हे, सिझियम हे पोटॅशियमचं रासायनिक भावंड असल्यामुळे बुरशीच्या तंतूंनी जंगलाच्या वरच्या थरातून ते शोषून घेतलंय आणि ते अजून तिथल्या तिथे फिरतंय. अपेक्षित होतं, तरी स्वतः बघण्यात मजा वेगळी.

ह्या मशरूममध्ये सिझियम-१३४, म्हणजे अणुभट्टीतूनच येणारा सिझियमचा दुसरा प्रकार, शोधू नका, त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, १९८६ चं केव्हाच संपलं. फुकुशिमात सुटताना १३४ आणि १३७ जवळपास सारखे होते, चेर्नोबिलमध्ये १३४ साधारण निम्मं, त्यामुळे पहिली काही वर्षं नुसत्या गुणोत्तरावरून माल कुठला ते सांगता यायचं. आता फुकुशिमाच्या नमुन्यातही १३७ च्या शंभर भागांना १३४ चा जेमतेम एक भाग उरलाय.

म्हणून कोणी "६०५ चा पीक आला, १३४ सापडलं!" असं टाकलं की मी आधी पाऊस कधी पडला ते विचारतो. बिस्मथ-२१४ चा पीक ६०९ वर आहे आणि आपल्या क्रिस्टलला ६०५ आणि ६०९ वेगळे दिसणं शक्यच नाही. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर गाडीचं बॉनेट टिश्यूने पुसून बघा, काउंटर उडतो, कारण हवेतल्या रेडॉन ह्या नैसर्गिक किरणोत्सारी वायूची पिलावळ (बिस्मथ-२१४, शिसे-२१४) पावसाने खाली आणलेली असते. मग २९५ आणि ३५२ वर शिसे-२१४ दिसतंय का बघा, आणि ७९६ वर खरंच काही आहे का ते बघा, १३४ असेल तर ७९६ हवाच. सगळ्यात सोपं म्हणजे टिश्यू तसाच ठेवा, अर्ध्या तासाला निम्मा होत तीन-चार तासांत थंड पडला तर तो रेडॉनच. २०११ नंतर जगभर लोकांनी पावसाचं पाणी पुसून फुकुशिमा सापडल्याचे व्हिडिओ टाकले, त्यातले कितीतरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले असते तर प्रश्नच मिटला असता.

आणि ओळमीचं, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे उगवणाऱ्या रानटी मशरूमचं, काय झालं? मिळाली. सत्तरीकडून आलेली, पानात गुंडाळलेली, महाग, मावशी शेकड्याचा भाव खाली आणायला अजिबात तयार नव्हत्या, आणि अर्धी मोजायला बाजूला काढतोय म्हटल्यावर घरात जरा वादच झाला. सुकवून, त्याच बरणीत, पोलंडच्या नमुन्याइतकाच वेळ ठेवली. पोटॅशियमचा १४६१ ठसठशीत, ६६२ वर बॅकग्राउंडपलीकडे काही नाही. १९५०-६० च्या दशकांतल्या बॉम्ब चाचण्यांचं थोडं सिझियम जगभरच्या मातीत आहे, तेवढं पकडायला माझा क्रिस्टल फार लहान. शिवाय ही ओळमी रोयणीवर (वारुळावर), वाळवीच्या जिवावर वाढते, युरोपातल्या त्या जातींसारखी झाडाच्या मुळांशी जोडलेली नसते, त्यामुळे दोघींची थेट तुलना करू नये.

हे सगळं कशाला, असं लोक विचारतात, कैगाचा अणुऊर्जा प्रकल्प जवळ आहे म्हणून का? कैगाला काही झालंय असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण २०११ च्या मार्चमध्ये जपानात लोकांनी काउंटर हातात घेतले तेव्हा आपल्या अंगणाचा आधीचा आकडा बहुतेकांकडे नव्हता, सेफकास्टसारखी स्वयंसेवकांची चळवळ त्यानंतर उभी राहिली आणि त्यांनी सगळा डेटा खुला ठेवला. आपल्याकडे चिरा, ग्रॅनाइट, समुद्रकिनारा, पाऊस सगळं बदलतं, तर गावागावाचं स्पेक्ट्रम आत्ता, काही घडलेलं नसतानाच, घेऊन ठेवायला हवं.

पुढचं काम बेरिलियम-७. वैश्विक किरणांमुळे वरच्या हवेत तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं, ४७८ चा पीक, अर्धायुष्य ५३ दिवस. पागोळ्यांखाली जे शेवाळ धरतं ते गोळा करून सुकवतोय, मिनामिसोमाच्या काळ्या चुऱ्यासारखंच पाणी सुकून तिथे सगळं साठतं, म्हणून आशा आहे. पावसात वीज जाते आणि तापमान बदललं की पीक सरकतो, त्यामुळे मोठं मोजमाप तासातासाच्या फाइलींत तोडून घेतोय आणि प्रत्येक फाइल १४६१ वर जुळवून मगच बेरीज करतोय. कोणाकडे मोठा सोडियम आयोडाइड क्रिस्टल असेल, पेडणे किंवा काणकोणच्या बाजूला, तर सांगा, सुकवलेल्या ओळमीची बरणी घेऊन मी येतो, तुमच्या बॅकग्राउंडची फाइल मात्र आधी घेऊन ठेवा.