आधी एक रिफ्रेश

नोव्हेंबरातली दुपार. हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते आणि माझं बोट काही केल्या लागेना. "दुसरं द्या काकू," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. दुसरं दिलं, तिसरं दिलं. ते लाल उजेडाचं चिमुकलं यंत्र ढिम्म. वीस वर्षं टाइपरायटर आणि चाळीस वर्षं भांडी. रेषा नक्की कोणी झिजवल्या हे आता कुठे शोधत बसायचं?

मग त्या मुलाने एक केलं. उघडलेल्या सगळ्या खिडक्या खाली पाठवल्या, मोकळ्या पडद्यावर उजवं बटण दाबलं आणि रिफ्रेश मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावरची चित्रं पापणी लवल्यासारखी हलली. यंत्रावर काडीचा परिणाम नाही. पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हा आपल्यातला.

आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला १९९९ साली. विंडोज ९८. जुन्या दप्तरांची खोली रिकामी करून तिथे एसी बसवला. त्याआधी त्या इमारतीत एसी फक्त साहेबांनी बाहेरगावी पाहिला होता. दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी लागली. ती मीच टाइप केली, टाइपरायटरवर. साहेबसुद्धा मोज्यांवर आत यायचे. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ आणि कपाळाच्या जागी हळदकुंकू. कीबोर्डवर अक्षता पडल्या त्या महिनाभर निघत होत्या.

शिकवायला गावातल्या क्लासमधला एक पोरगा आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, पण हेडक्लार्क भाऊसाहेब त्याला 'अहो मास्तर' म्हणायचे. मास्तरांनी पहिले दोन दिवस आम्हाला पत्ते खेळायला लावले. सॉलिटेअर. हा खेळ १९९० पासून विंडोजबरोबरच यायचा. माऊसने उचलायचं, ओढायचं, सोडायचं हे हाताला कळावं हाही त्यात हेतू होता म्हणतात. असेल. मला आठवतं ते एवढंच, की जेवणाच्या सुट्टीत रमी खेळला म्हणून शिपायाला मेमो देणारे भाऊसाहेब भर कचेरीच्या वेळात जीभ दातांत धरून काळ्या राजावर लाल राणी ठेवत होते.

त्यांचं अडायचं ते दोन टिचक्यांपाशी. एक टिचकी मारायचे, चष्मा सारखा करायचे, मग दुसरी. फाईल उघडायची नाही. मास्तर कळवळून म्हणाले, "भाऊसाहेब, दोन टिचक्यांच्या मध्ये विचार करायचा नाही." तीस वर्षं प्रत्येक सहीआधी विचार केलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे... असो. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की ते मला हाक मारायचे, "बाई, जरा टेबल पुढे घ्या."

माझं तसं बरं चाललं होतं. मराठीच्या फॉन्टचा कीबोर्ड टाइपरायटरसारखाच होता, त्यामुळे बोटांना घर सापडलं. चुकायची ती फक्त ओळीच्या शेवटी. घंटा वाजली नाही तरी डावा हात आपला दांडा ढकलायला हवेत जायचा. कितीतरी महिने जात होता.

आणि मास्तरांनी रिफ्रेश दिलं. "मॅडम, सुरू झाला की आधी रिफ्रेश. अडला की रिफ्रेश. काही नसलं तरी मधूनमधून मारत राहायचं, फास्ट राहतो." डायरीत लाल शाईने लिहून घेतलं. पुढे कॉम्प्युटर शिकलेल्या भाच्याने समजावलं की मावशी, त्याने काही फास्ट होत नाही. पडद्यावरची यादी तो पुन्हा वाचतो आणि चित्रं पुन्हा काढतो, इतकंच. एफ-पाच दाबलंस तरी तेच. मी सगळं ऐकून घेतलं. पटलंही. आणि बोलता बोलता उजवं बटण दाबलं.

आमचे आजोबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे, उजवीकडे भाताच्या चित्राहुती घालायचे. आम्ही पोरं भुकेने कळवळलेली, आमटी निवत चाललेली, आणि हे आपले सावकाश. एकदा मी विचारलं, कशाला हो? म्हणाले, मुंग्या येऊ नयेत म्हणून. मुंग्या यायच्या. त्या चित्राहुतींसाठीच यायच्या, रांगेने. मी पाटावर वाकून त्या मोजत बसायचे, आणि आजी म्हणायची, "मोजू नये." का मोजू नये, ते तिनेही सांगितलं नाही.

भाऊसाहेबांना कॉम्प्युटरमधलं आवडायचं ते एकच. संध्याकाळी बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता यंत्र बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाची. ती ते शेवटपर्यंत वाचायचे आणि मगच बटण दाबायचे. इतक्या वर्षांत 'आता निघालात तरी चालेल' असं त्यांना कोणत्या साहेबाने म्हटलं असेल? मध्येच वीज गेली आणि यूपीएस कोकलून कोकलून गप्प झाला, की ती अक्षरं यायची नाहीत. वर दुसऱ्या दिवशी सकाळी, काल नीट बंद केलं नव्हतं असा ठपका ठेवून डिस्कची तपासणी सुरू. भाऊसाहेब हिरमुसायचे. वीज गेली हे त्याला सांगायची काही सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत नोव्हेंबरात ते याच रांगेत माझ्यापुढे असायचे, पिशवीत पेन्शनचे सगळे कागद, झेरॉक्ससकट. त्यांचं बोट पहिल्या फटक्यात लागायचं. "कीबोर्डला हात लावला नाही ना आयुष्यात," असं म्हणून हसायचे. आता त्यांना दाखला लागत नाही.

"काकू, बोट पुसून ठेवा. जरा दाबून."

मी पदराला बोट पुसलं. मुलाने माझ्याकडे न बघता आणखी एक रिफ्रेश मारलं. यंत्राने टुंग केलं.

"झालं," तो म्हणाला.

"काय आलं?"

त्याने पडद्याकडे बघून खात्री करून घेतली. "आहात," म्हणाला, आणि मागच्या आजोबांना पुढे बोलावलं.