मेहरूणच्या काठावरची टिटवी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं म्हणजे जळगावला जायचं, आणि गेली काही वर्षं माझ्या चिंगी कुत्रीलाही बरोबर न्यायचं. पुण्याहून निघालो, अजिंठ्याचा घाट उतरला आणि गरम झळा गाडीत शिरल्या, प्रवासाचं एवढंच. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरींनी दिवस काढले. मला सांगायचंय ते सकाळच्या फिरण्याबद्दल.

भावाचं घर मेहरूण तलावापासून जवळच. त्याचा शेरू आणि माझी चिंगी, दोघांना घेऊन आम्ही उजाडायच्या आतच बाहेर पडायचो. आखाजीच्या दिवसांत आठ वाजले की डांबर तापायला लागतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसत नाही. पण पहाटे तलावाकाठी वारा असतो, बाभळीखाली शेळ्या असतात, आणि हिवाळ्यात ज्यांची बोरं गावभर विकली जातात त्या बोरी उन्हात वाळून उभ्या असतात. चिंगी प्रत्येक झुडूप हुंगल्याशिवाय पुढे सरकत नाही. मलाही घाई नसते.

पायवाट पाण्यापासून जरा दूर होते तिथे खडकाळ मोकळी जागा आहे. तिथे टिटवी ओरडत होती. टिटवी घरटं बांधत नाही, चार खडे सरकवते आणि उघड्यावरच अंडी घालते, बहुधा चार. मातकट, काळे ठिपके असलेली अंडी खड्यांत अशी मिसळून जातात की दोन हातांच्या अंतरावर उभं राहूनही मला आधी दिसली नव्हती. दिसली तेव्हा दोऱ्या आखडून दोघांना मागे घेतलं.

भावाने हळूच सांगितलं, "ती पाण्यावर जाऊन पोट भिजवून येते बघ." आणि खरंच, थोड्या वेळाने नर-मादीपैकी एकजण तलावावरून परतला, पोटाची पिसं ओली, आणि तसाच अंड्यांवर बसला. खानदेशातल्या उन्हात अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. असं जवळपास चार आठवडे. आईबाप तासभर जरी हुसकले गेले तरी अंडी तिथेच भाजून निघतात.

हे बघत होतो तेवढ्यात मागून एक मोठा जर्मन शेफर्ड मोकळाच धावत आला. मालक लांब, फोनवर. दोन्ही टिटव्या उठल्या, त्याच्या डोक्यावर झेप घेत जिवाच्या आकांताने ओरडू लागल्या. एक तर पंख मोडल्यासारखी लंगडत दूर निघाली, त्याला अंड्यांपासून पलीकडे ओढायला. मी ओरडले, "अहो दादा, दोरी लावा त्याला!" उत्तर आलं, "ताई, आमचा काही करत नाही हो. अन् इथे नाही सोडायचा तर कुठे सोडायचा?"

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. कुत्रा चावत नाही हे खरं असेल, पण माणसाला चावणं एवढाच त्रास असतो का? आपण विष्ठा उचलत नाही, दोरी सोडतो आणि जागा मोकळी आहे म्हणून ती आपलीच समजतो. तिथे आपल्याआधी कोणीतरी संसार मांडलेला असतो.

शेळ्या चारणारी एक म्हातारी काठी टेकत जवळ आली. बोली अमळनेर-पारोळ्याकडची. "भाऊ, तुना कुत्राले बांधी ठेव. अंडा शेतस तठे." आवाज चढवला नाही, पण हटलीही नाही. माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते या दोन वाक्यांनी झालं. त्याने फोन खिशात टाकला, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि म्हातारीने बोट दाखवलं तिकडे निरखून पाहिलं. "दिसत नाही आजी," म्हणाला. मग दिसलं बहुतेक, कारण पुढे तो शेरूच्याही दोरीपेक्षा आखूड दोरी धरून चालला.

पोळायला लागलं होतं, चिंगीची जीभ लोंबत होती, परतलो. घरी चहा घेताना भावाने ठरवलं की पाऊस पडून पिल्लं मोठी होईपर्यंत शेरूला डांबरी रस्त्याच्या बाजूने न्यायचं, खडकाळ भागात नाही. मी त्याला आखूड दोरी आणून देते म्हटलं. त्याची आताची फारच लांब आहे.