भडंग, ममी आणि बोका

आषाढातली संततधार लागलेली असावी, रविवारची दुपार असावी, भडंगात कांदा नुकताच चिरून घातलेला असावा आणि कुठल्यातरी वाहिनीवर 'द ममी' सुरू व्हावा, यापलीकडे सांगलीकराने पावसाळ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. स्टीफन सॉमर्स यांचा हा चित्रपट १९९९ साली आला, आणि तेव्हापासून तो मी किती वेळा पाहिला याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला आहे.

१९३२ साली बोरिस कार्लॉफ यांनी रंगवलेली ममी हा गंभीर भयपट होता. सॉमर्स यांनी तीच ममी उचलून वेंधळ्या माणसांच्या संगतीत सोडून दिली. कैरोच्या ग्रंथालयातली नायिका शिडीवरून तोल जाऊन एक कपाट पाडते, ते दुसऱ्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर पडत जाऊन अख्खे ग्रंथालय आडवे होते, तेव्हाच आपण तिच्या बाजूचे होऊन जातो. पुढे वाळवंटात तिच्यावर संकट आले की आपला जीव खालीवर होतो, तो त्या पडलेल्या कपाटांमुळेच. माझा सर्वांत लाडका प्रसंग मात्र बेनीचा आहे. ममी समोर उभी ठाकल्यावर हा लबाड माणूस गळ्यातली निरनिराळ्या धर्मांची चिन्हे एकामागून एक पुढे करतो आणि प्रत्येक देवाची त्या त्या भाषेत करुणा भाकतो. दहावीच्या निकालाआधी मीही इथल्या गणपती मंदिरापासून मिरजेच्या दर्ग्यापर्यंत सगळीकडे अर्ज दाखल केले होते, त्यामुळे मला त्याला हसता येते, पण नावे ठेवता येत नाहीत.

चित्रपटातल्या ममीचे नाव इम्होतेप; त्या नावाचा खरा माणूस यात फुकट बदनाम झाला, हे मान्य केले पाहिजे. सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड ज्याच्या नावावर आहे आणि ज्याला पुढे इजिप्तच्या लोकांनी वैद्यकाचा देव मानले, तो माणूस इथे खलनायक झाला आहे. चित्रपटात माणसे फस्त करणारे ते काळे किडेही तिकडे शुभ मानले जात. माझ्या खेड्यात वाढलेल्या आईने ते प्रथम पाहिले, तेव्हा चष्मा सारखा करून ती म्हणाली, "अगं, हा तर शेणातला भुंगा! हा कसला माणसं खातोय?" त्यानंतर त्या किड्यांची भीती आमच्या घरातून कायमची गेली.

अर्थात भय आणि विनोद एकाच ताटात वाढण्याची ही रीत सांगलीला परकी नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी इथेच 'सीता स्वयंवर' सादर केले, आणि त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत विदूषकाने प्रेक्षकांना हसवून सैल केले, की मशालींवर राळ उडवीत, आरोळ्या ठोकीत राक्षस रंगमंचावर घुसत. त्या आरोळ्यांवरून या नाटकांना 'अललडुर्र' असे नावच पडले होते. वाळूच्या वादळातून आ वासून विमानामागे धावणारा इम्होतेपचा अक्राळविक्राळ चेहरा पाहताना मला दर वेळी तो राळेचा भपकाच आठवतो. फरक असलाच तर खर्चाचा.

शिवाय खरी भीती कशी असते, हे आम्हांला निराळे शिकावे लागत नाही. ती आयर्विन पुलापाशी फुटांत मोजली जाते: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली कृष्णा सत्तावन्न फुटांपर्यंत चढली, तेव्हा त्या भीतीत हसण्यासारखे काहीही नव्हते. त्यामुळे बाहेर पाऊस कोसळत असताना, दोन तासांनी हमखास संपणारी आणि मधूनमधून हसवणारी भीती भडंगाबरोबर खायला मिळाली, तर मी ती सोडत नाही.

परवाच्या रविवारी सात वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. सगळा चित्रपट त्याने खदखदून हसत पाहिला, "मला काही भीती वाटली नाही" असे दोनदा बजावून सांगितले, आणि अंधार पडल्यावर मागच्या पडवीतल्या न्हाणीघराकडे जाताना, ममी मांजराला घाबरते हे नेमके लक्षात ठेवून, आमचा झोपलेला बोका काखेत मारून नेला.